पुढे वकील व्हायचे आहे: अमेरिकेत पदवीसाठी महत्त्वाकांक्षी, पण परवडणारी कॉलेजे कशी निवडावीत?

ओवीची आई

नमस्कार. माझी मुलगी न्यू जर्सीतील सरकारी शाळेत अकरावीत आहे आणि तिला वकील व्हायचे आहे. हा हट्ट नवा नाही. न्यू जर्सी स्टेट बार फाउंडेशन शाळकरी मुलांसाठी मॉक ट्रायलची, म्हणजे लुटुपुटूच्या खटल्याची, जी स्पर्धा घेते, तिच्यात ती नववीपासून भाग घेते आहे. गेल्या हिवाळ्यात काउंटीच्या न्यायालयात उभे राहून तिने साक्षीदाराची उलटतपासणी घेतली, तेव्हा घरी विचारलेल्या प्रश्नाला 'हं' यापलीकडे उत्तर न देणारी मुलगी ती हीच का, असा प्रश्न आम्हा दोघांना पडला.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी एक खुलासा करते. इथे बारावीनंतर थेट कायद्याच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळत नाही. आधी कोणत्याही विषयातील चार वर्षांची पदवी, मग एलसॅट नावाची परीक्षा आणि त्यानंतर तीन वर्षांची जे. डी. ही कायद्याची पदवी, असा हा एकूण सात वर्षांचा रस्ता आहे. म्हणूनच पहिल्या चार वर्षांत किती खर्च करावा, हा प्रश्न इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलांच्या पालकांपेक्षा आम्हाला अधिक छळतो.

आमचे दोघांचे मिळून वार्षिक उत्पन्न सुमारे १ लाख ८५ हजार डॉलर आहे. घरावर कर्ज आहे, पण कागदावर घराची किंमत बरीच वाढलेली आहे. मुलीच्या ५२९ खात्यात (शिक्षणासाठीचे करसवलतीचे बचत खाते) ६० हजार डॉलर साठले आहेत आणि धाकटा मुलगा सातवीत आहे. ओढाताण न होता आम्ही वर्षाला २५ हजारांपर्यंत देऊ शकू. मंडळातल्या ओळखीच्या लोकांत दोन तट आहेत. आयव्ही लीग (हार्वर्ड, प्रिन्स्टन यांसारखी आठ नामांकित खासगी विद्यापीठे) किंवा निदान वॉशिंग्टनमधले नावाजलेले कॉलेज नसेल तर चांगले लॉ स्कूल दारात उभे करणार नाही, असे एकांचे म्हणणे. रटगर्स हे राज्याचे सरकारी विद्यापीठ घराजवळ आहे, उगाच डोक्यावर कर्ज कशाला, असे दुसऱ्यांचे. मुलीने मोठी स्वप्ने पाहू नयेत असे मला मुळीच वाटत नाही, पण त्या स्वप्नांचा हप्ता धाकट्याच्या शिक्षणातून फेडायचाही नाही. ज्यांनी हा रस्ता पाहिला आहे त्यांनी कृपया लिहावे.

विधिज्ञा

ताई, मी बॉस्टनमध्ये वकिली करते आणि आमच्या फर्मच्या भरती समितीवर काम केले आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

सर्वप्रथम, 'प्री-लॉ' या नावाची कोणतीही सक्तीची शाखा नाही. मेडिकलला जाणाऱ्या मुलांना रसायनशास्त्र, जीवशास्त्र हे विषय घ्यावेच लागतात. कायद्यासाठी तसा एकही विषय बंधनकारक नाही. लॉ स्कूलांना मान्यता देणारी अमेरिकन बार असोसिएशनही पदवीसाठी कोणत्याही विशिष्ट विषयाची शिफारस करत नाही. माझ्या वर्गात तत्त्वज्ञान, गणित, नर्सिंग आणि संगीत या विषयांचे पदवीधर होते. त्यामुळे एखादे कॉलेज 'आमच्याकडे प्री-लॉ मेजर आहे' अशी जाहिरात करत असेल, तर तेवढ्यावर त्याला एकही गुण देऊ नका. तिथे मॉक ट्रायलचा संघ, शिफारसपत्र लिहिण्याइतके जवळून ओळखणारे प्राध्यापक आणि भरपूर लिहून घेणारे वर्ग आहेत का, हे पाहा.

आता मुख्य मुद्दा. लॉ स्कूले प्रवेश देताना दोन आकड्यांना असाधारण महत्त्व देतात: एलसॅटचे गुण आणि पदवीचा जीपीए, म्हणजे सर्व विषयांच्या ग्रेडची सरासरी. मान्यताप्राप्त प्रत्येक लॉ स्कूलला दरवर्षी '५०९' या नावाने ओळखला जाणारा तपशील जाहीर करावा लागतो. त्यात प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांचे एलसॅट आणि जीपीए यांचे मध्यांक (यादीतला बरोबर मधला आकडा), वरचा चतुर्थक आणि खालचा चतुर्थक छापलेला असतो. हेच मध्यांक क्रमवारीतही मोजले जातात, म्हणून प्रत्येक लॉ स्कूल ते जिवापाड जपते. सर्वांत नामांकित चौदा लॉ स्कूलांत एलसॅटचा मध्यांक १८० पैकी १७० किंवा त्याहून अधिक आहे आणि जीपीए ३.९ च्या आसपास. प्रसिद्ध कॉलेजातून ३.६ घेऊन आलेली मुलगी त्या लॉ स्कूलचा मध्यांक खाली खेचते, रटगर्समधून ३.९५ घेऊन आलेली तो वर उचलते. प्रवेश समितीला कॉलेजचे नाव दिसत नाही असे नाही, पण त्या नावाचा उपयोग काट्याच्या लढतीत होतो आणि तोही मर्यादितच.

'हार्वर्ड लॉमध्ये इतकी मुले हार्वर्ड कॉलेजचीच कशी?' हा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्या कॉलेजात मुळातच परीक्षांत चमकणारी मुले निवडून घेतलेली असतात. तीच मुले चार वर्षांनी एलसॅटलाही चमकतात. हे कॉलेजचे कर्तृत्व कमी आणि निवडीचे अधिक. लॉ स्कूलला कोणत्या कॉलेजातून किती अर्ज येतात ही यादी पाहिली तर यूसीएलए, फ्लोरिडा, टेक्सास यांसारख्या मोठ्या सरकारी विद्यापीठांचीच नावे वर दिसतात.

जीपीएविषयी एक बारीक गोष्ट सांगून ठेवते. अर्ज ज्या संस्थेमार्फत जातात ती एलसॅक ही संस्था कॉलेजने दिलेला जीपीए जसाच्या तसा स्वीकारत नाही, स्वतःच्या सूत्राने नव्याने काढते. तिच्या सूत्रात ए प्लसला ४.३३ गुण मिळतात, त्यामुळे ए प्लस देणाऱ्या विद्यापीठांतील मुलांना थोडा फायदा होतो. नापास होऊन पुन्हा घेतलेल्या विषयाचा जुना ग्रेड कॉलेजने गाळला असला, तरी तो ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रकावर) श्रेयांकांसह दिसत असेल तर एलसॅक दोन्ही धरते. काही कॉलेजे गुण देताना हात आखडता घेतात, हेही ध्यानात ठेवावे. प्रिन्स्टनने २००४ ते २०१४ या काळात ए श्रेणीच्या ग्रेडचे प्रमाण ३५ टक्क्यांवर ठेवण्याचे अधिकृत धोरण राबवले होते. ते धोरण गेले, पण कडक गुणदानासाठी ओळखल्या जाणाऱ्या संस्था आजही आहेत आणि पुढे कायद्याला जायचे असेल तर ही गोष्ट दुर्लक्षून चालत नाही.

आणि शेवटचे, जे माझ्या मते तुमच्या कुटुंबासाठी सर्वांत निर्णायक आहे. २०२५ च्या जुलैत झालेल्या कायद्याने लॉ स्कूलसाठीच्या कर्जाचे गणितच बदलले. पूर्वी ग्रॅड प्लस नावाचे सरकारी कर्ज संपूर्ण खर्चाइतके मिळत असे. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ते बंद केले गेले आणि जे. डी. करणाऱ्यास सरकारकडून वर्षाला ५० हजार व एकूण २ लाख डॉलर, एवढीच मर्यादा ठरवण्यात आली. मोठ्या खासगी लॉ स्कूलमध्ये राहण्या-जेवणासह वर्षाचा खर्च १ लाखाच्या वर जातो. म्हणजे शिष्यवृत्ती न मिळाल्यास दरवर्षी निम्म्याहून अधिक रक्कम घरातून किंवा खासगी बँकेकडून उभी करावी लागेल, आणि खासगी कर्जाला सार्वजनिक सेवेतील कर्जमाफी लागू होत नाही. पदवीच्या चार वर्षांत वाचवलेला प्रत्येक डॉलर आता लॉ स्कूलच्या दारात दुप्पट उपयोगी पडणार आहे. ५२९ खात्यातील उरलेले पैसे जे. डी.साठी वापरता येतात आणि नाही लागले तर धाकट्याच्या नावे करता येतात, त्यामुळे ते संपवण्याची घाई नको.

जर्सीकर

विधिज्ञा यांचा प्रतिसाद वाचून कोणाचा असा समज होऊ नये की स्वस्त म्हणजे सरकारी आणि आयव्ही म्हणजे महाग. तुमच्या उत्पन्नाला हे समीकरण चक्क उलटे पडू शकते.

प्रिन्स्टनने २०२५-२६ पासून असे जाहीर केले आहे की अडीच लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या बहुतेक कुटुंबांना ट्यूशन (कॉलेजचे शिक्षणशुल्क) द्यावी लागणार नाही. पेनने (पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने) २ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला, मालमत्ता सर्वसाधारण असल्यास, पूर्ण ट्यूशनइतकी मदत देऊ केली आहे आणि राहत्या घराची वाढलेली किंमत हिशेबात धरणे बंद केले आहे. घराविषयी तुम्ही जे लिहिले आहे त्या दृष्टीने हे फार महत्त्वाचे आहे. हार्वर्डचीही २ लाखांपर्यंत ट्यूशन माफ आहे. रटगर्स न्यू ब्रन्सविकला राज्यातल्या विद्यार्थ्याला वसतिगृहासह वर्षाला साधारण ३५ ते ४० हजार खर्च येतो. त्यामुळे प्रवेश मिळालाच तर प्रिन्स्टन तुम्हाला रटगर्सहून स्वस्त पडण्याची दाट शक्यता आहे. 'मिळालाच तर' हे नुसते दोन शब्द नाहीत, तो सगळा डोंगर आहे, हे मान्य. पण छापील फी पाहून अर्जच न करणे हा सर्वांत महागडा काटकसरीचा प्रकार होय.

अडचण होते ती मधल्या थरात. ज्या खासगी कॉलेजांची छापील किंमत ९० हजारांच्या घरात आहे, पण ज्यांची तिजोरी प्रिन्स्टनसारखी भरलेली नाही, ती तुमच्या उत्पन्नगटाला 'श्रीमंत' समजतात आणि हातावर थोडेसे टेकवतात. वॉशिंग्टन, न्यूयॉर्क, बॉस्टन येथील कितीतरी प्रसिद्ध नावे याच थरात येतात. मंडळातले लोक ज्यांची नावे घेतात ती बहुधा हीच असतील.

कोणते कॉलेज कोणत्या थरात आहे हे ओळखण्यासाठी प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर नेट प्राइस कॅल्क्युलेटर, म्हणजे मदत वजा जाता अंदाजे खर्च सांगणारा गणक, असतो. तो ठेवणे २०११ पासून कायद्याने सक्तीचे आहे. एका संध्याकाळी दोघांची करविवरणपत्रे घेऊन बसा आणि मनातल्या सगळ्या कॉलेजांसाठी तो भरा. त्याबरोबर 'कॉमन डेटा सेट' हा दस्तऐवज शोधा. त्याच्या 'एच' विभागात गरजेवर आधारित मदत सरासरी किती टक्के गरज भागवते आणि गरज नसलेल्या किती विद्यार्थ्यांना गुणवत्तेवर पैसे मिळाले, हे स्पष्ट लिहिलेले असते. माहितीपत्रकातली हसरी मुले हे सांगत नाहीत.

फाफ्सा (सरकारी मदतीचा अर्ज) आणि सीएसएस प्रोफाइल (अनेक खासगी कॉलेजे मागतात तो मदतीचा अर्ज) यांतला फरकही लक्षात ठेवा. फाफ्सा राहत्या घराची किंमत धरत नाही. सीएसएस भरायला लावणारी अनेक खासगी कॉलेजे ती धरतात. पूर्वी दोन भावंडे एकाच वेळी कॉलेजात असली की फाफ्सात सवलत मिळत असे, ती २०२४-२५ पासून गेली. तुमच्या मुलांत चार वर्षांचे अंतर असल्याने तुम्हाला तसाही फारसा फरक पडला नसता.

आता मदतीचे पत्र कसे वाचावे ते सांगतो, कारण इथे सुशिक्षित माणसेही फसतात. माझ्या पुतणीला एका खासगी कॉलेजकडून आलेल्या पत्रात वर ठळक अक्षरांत लिहिले होते: 'तुमची एकूण मदत: ५१,५०० डॉलर'. वर्षाचा खर्च होता ८८,४००. घरात पेढे वाटले गेले. मग मी कागद घेऊन बसलो. त्या ५१,५०० मध्ये अनुदान होते २८ हजार. साडेपाच हजार विद्यार्थिनीच्या नावावरचे सरकारी कर्ज होते. ३ हजार वर्क-स्टडी, म्हणजे तिने ग्रंथालयात काम करून मिळवायचे पैसे. आणि उरलेले १५ हजार? ते तिच्या वडिलांनी काढायचे पॅरेंट प्लस कर्ज! म्हणजे खरी किंमत ६०,४०० डॉलर होती. पत्रातील अनुदान आणि शिष्यवृत्ती एवढेच वजा करा, बाकी सगळे तुमचेच पैसे आहेत, आजचे किंवा उद्याचे.

सरकारी कर्ज विद्यार्थ्याला चार वर्षांत मिळून २७ हजारच मिळते. त्याहून जास्त कर्ज म्हणजे ते पालकांच्या मानेवर, आणि पॅरेंट प्लसलाही नव्या कायद्याने प्रत्येक मुलामागे वर्षाला २० हजार व एकूण ६५ हजारांची मर्यादा घातली आहे. ही मर्यादा मला तरी वरदान वाटते.

अर्ली डिसिजन, म्हणजे एकाच कॉलेजला लवकर करायचा अर्ज, याविषयी सावध राहा. तो अर्ज बंधनकारक असतो. प्रवेश मिळाला की बाकीचे अर्ज मागे घ्यावे लागतात आणि दोन कॉलेजांची पत्रे शेजारी ठेवून तुलना करण्याची संधी जाते. कॅल्क्युलेटरने दिलेला आकडा तुमच्या २५ हजारांत आरामात बसत असेल तरच त्या वाटेला जावे.

शिरीष_टेक्सास

वरच्या दोन्ही प्रतिसादांबद्दल आदर राखून थोडा विरोधी सूर लावतो. सतरा वर्षांची मुलगी आज वकील व्हायचे म्हणते आहे. माझा मोठा मुलगा राज्यशास्त्र घेऊन कायद्यालाच निघाला होता, दुसऱ्या वर्षाला अर्थशास्त्राच्या वर्गात बसला आणि आज शिकागोत सल्लागार कंपनीत आहे. त्या कंपन्या ठरावीक विद्यापीठांतच मुलाखती घेतात. 'कॉलेजचे नाव गौण' हे सूत्र लॉ स्कूलपुरते खरे आहे, पण मुलगी लॉ स्कूलला गेलीच नाही तर? शिवाय मोठ्या कॉलेजांत ऱ्होड्स, ट्रुमन अशा शिष्यवृत्त्यांसाठी मुलांना तयार करणारी स्वतंत्र कार्यालये असतात, माजी विद्यार्थी न्यायाधीश असतात, उन्हाळ्यातल्या बिनपगारी कामांसाठी कॉलेज पैसे देते. या गोष्टींचे मोल जीपीएच्या तक्त्यात दिसत नाही.

विधिज्ञा

शिरीषजी, मुलांचे मन बदलते हा मुद्दा शंभर टक्के मान्य, आणि म्हणूनच मी केवळ 'सोपे गुण मिळतील' अशा हिशेबाने दुबळे कॉलेज निवडण्याच्या विरुद्ध आहे. सर्वच विभाग मजबूत असलेले विद्यापीठ निवडावे, म्हणजे तिने विषय बदलला तरी तिचे अडणार नाही. मोठ्या सरकारी विद्यापीठांच्या ऑनर्स कॉलेजात (निवडक हुशार मुलांसाठीच्या वेगळ्या विभागात) तुम्ही सांगितलेल्या बहुतेक सोयी असतात. फक्त त्या कोणी हातात आणून देत नाही, विद्यार्थ्याला दार ठोठवावे लागते. वॉशिंग्टनमध्ये एक सत्र काम करण्याची योजना देशभरातील कॉलेजे चालवतात, त्यासाठी चार वर्षे तिथले घरभाडे भरण्याची गरज नाही. मात्र नावासाठी जास्तीचे दीड लाख डॉलर मोजायचे आणि तेही कर्जाने, हे मला कोणत्याही वाटेवर पटत नाही.

वकिलांच्या पगाराबद्दलही लोकांच्या मनात एकच चित्र असते. मोठ्या फर्ममध्ये पहिल्या वर्षी २ लाख २५ हजार डॉलर मिळतात हे खरे, पण नव्या वकिलांच्या पगाराचा आलेख काढला तर त्याला दोन उंचवटे दिसतात: एक तिथे आणि दुसरा, बराच रुंद, त्याच्या निम्म्याहूनही खाली. सरकारी वकील, गरिबांसाठी लढणारे वकील, छोट्या फर्ममधले वकील हे सगळे त्या दुसऱ्या उंचवट्यावर असतात. ओवीला ज्या प्रकारच्या कामाची ओढ आहे ते काम करण्याचे स्वातंत्र्य तिला हवे असेल, तर कर्ज कमी असणे हीच त्याची पूर्वअट आहे. सार्वजनिक सेवेत दहा वर्षे हप्ते भरल्यावर सरकारी कर्ज माफ होते, पण ती सोय डोळ्यांसमोर ठेवून कर्ज वाढवणे शहाणपणाचे नाही.

निमिष

मधल्या थरात अडकणाऱ्या कुटुंबांसाठी तिसरा मार्ग आहे तो गुणवत्तेवरच्या शिष्यवृत्त्यांचा. आयव्ही लीगमधील आठही कॉलेजे गुणवत्तेवर एक पैसाही देत नाहीत. तिथे फक्त गरज पाहिली जाते. पण त्यांच्या एक पायरी खालची, किंवा काही बाबतींत त्यांच्या बरोबरीची, कॉलेजे चांगली मुले ओढून घेण्यासाठी पैसे मोजतात. मेरीलँड विद्यापीठाची बॅनेकर-की शिष्यवृत्ती पूर्ण खर्च उचलते. रिचमंड विद्यापीठाच्या रिचमंड स्कॉलर्सना ट्यूशन, राहणे, जेवण सगळे मिळते. व्हँडरबिल्टमध्ये मोठ्या शिष्यवृत्त्या आहेत, पण त्यांचा अर्ज वेगळा करावा लागतो आणि तो न केल्याने हुकलेली मुले मी पाहिली आहेत. मेरीलँडला शिष्यवृत्तीसाठी विचार व्हावा असे वाटत असेल तर १ नोव्हेंबरच्या मुदतीत अर्ज जायला हवा. म्हणजे ओवीचे निबंध बारावी सुरू होण्यापूर्वीच्या उन्हाळ्यातच लिहून व्हायला हवेत.

अकरावीच्या ऑक्टोबरात दिलेल्या पीएसॅट या परीक्षेवर नॅशनल मेरिट या देशपातळीवरील शिष्यवृत्तीची निवड होते. न्यू जर्सीचा कटऑफ देशात सर्वांत वर असणाऱ्यांपैकी असतो, त्यामुळे इतर राज्यांत सहज बसणारी मुलेही आपल्याकडे बाहेर राहतात. तरीही फायनलिस्ट झाली तर अलाबामा विद्यापीठाचे पॅकेज अवश्य पाहा. 'मुलीला अलाबामाला?' असे म्हणून आमच्या घरी आजीने कपाळाला हात लावला होता. माझी बहीण तिथून विनाकर्ज पदवी घेऊन आता मिशिगनच्या लॉ स्कूलमध्ये आहे.

शेजारच्या न्यूयॉर्क राज्यातील वाचकांनी सिटी युनिव्हर्सिटीचे मॅकॉले ऑनर्स कॉलेज पाहावे. राज्यातील रहिवासी असलेल्या विद्यार्थ्यांची ट्यूशन तिथे भरली जाते. सिटी कॉलेजात कायद्याकडे जाऊ इच्छिणाऱ्या मुलांसाठी स्कॅडन आर्प्स या लॉ फर्मच्या नावाचा ऑनर्स कार्यक्रमही आहे. ओवीला मात्र हे लागू होणार नाही.

गारठलेला_वऱ्हाडी

आमचा मुलगा एच-४ व्हिसावर (एच-१बीवर नोकरी करणाऱ्यांच्या कुटुंबीयांचा व्हिसा) आहे, ग्रीन कार्डची रांग कधी सरकेल देव जाणे. त्यालाही वकील व्हायचे आहे. वर लिहिलेल्यापैकी आम्हाला नेमके काय लागू होते?

विधिज्ञा

तुमची वाट अरुंद आहे, बंद नाही. फाफ्सामार्फत मिळणारी सरकारी मदत आणि सरकारी कर्ज एच-४ वरील विद्यार्थ्याला मिळत नाही आणि एकविसाव्या वर्षी त्याला एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावे लागेल. पण कॉलेजच्या स्वतःच्या पैशांतून मिळणाऱ्या मदतीला ही आडकाठी नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲम्हर्स्ट, डार्टमथ, बोडन, ब्राउन आणि नोत्र दाम ही कॉलेजे परदेशी नागरिकाचा अर्जही ऐपत न पाहता तपासतात आणि निवड झाल्यास पूर्ण गरज भागवतात. राज्याच्या विद्यापीठात इन-स्टेट दर मिळेल का, हे राज्याराज्यांत आणि कधीकधी विद्यापीठागणिक बदलते, त्यामुळे प्रवेश कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्या.

वकिलीचा परवाना मिळण्यासाठी नागरिकत्वाची अट घालता येत नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये ग्रिफिथ्स खटल्यात स्पष्ट केले आहे. ती अडचण नोकरीत येते. संघराज्य सरकारच्या बहुतेक नोकऱ्या नागरिकांसाठी राखीव असतात आणि जे. डी. ही एसटीईएम (विज्ञान, तंत्रज्ञान, गणित यांची) पदवी नसल्याने ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर काम करण्याची परवानगी, एकच वर्ष मिळते. मोठ्या फर्म व्हिसासाठी अर्ज करतात, छोट्या क्वचितच. त्यामुळे तुमच्या मुलाने पदवीचा विषय असा घ्यावा की कायद्याची वाट अडली तरी तीन वर्षांची एसटीईएम ओपीटी हाताशी राहील. सांख्यिकी किंवा संगणकशास्त्र घेऊन पेटंट कायद्याकडे वळलेले कितीतरी जण मला माहीत आहेत.

पुण्याचे_आजोबा

एवढा खटाटोप वाचून दम लागला. नातवंडांना पुण्यात आणून आयएलएसला घाला, पाच वर्षांत वकील होतील आणि वर आमच्याकडे जेवतील.

जर्सीकर

आजोबा, जेवणाचा मुद्दा निर्विवाद! पण तिला अमेरिकेतच वकिली करायची आहे. भारतातील कायद्याच्या पदवीवर न्यूयॉर्कसारखी मोजकीच राज्ये, तीही अटींसह, परीक्षेला बसू देतात. अनेक राज्यांना इथलीच जे. डी. लागते.

ओवीची आई

सर्वांचे मनापासून आभार. शनिवारी आम्ही तिघे बसून कॅल्क्युलेटर भरले. पेनचा आकडा आमच्या मर्यादेत निघाला, प्रिन्स्टनचाही. वॉशिंग्टनमधील ज्या दोन कॉलेजांची मंडळात एवढी चर्चा होती, त्यांचा आकडा पाहून मुलीनेच लॅपटॉप बंद केला. सध्याची यादी अशी ठरते आहे: प्रिन्स्टन आणि पेन, मग मेरीलँड आणि रिचमंड शिष्यवृत्तीच्या आशेने, आणि खात्रीचे म्हणून रटगर्सचे ऑनर्स कॉलेज व टीसीएनजे (कॉलेज ऑफ न्यू जर्सी). शिष्यवृत्ती न मिळाल्यास मेरीलँड आणि रिचमंड सोडून द्यायचे, हे तिच्याशी आताच बोलून ठेवले आहे, एप्रिलमध्ये रडारड नको.

दोन शंका उरल्या आहेत. रटगर्समध्ये तीन वर्षे पदवी आणि तीन वर्षे लॉ स्कूल अशी सहा वर्षांची जी योजना आहे ती घ्यावी का? आणि शाळेतल्या काउन्सेलरनी पुढच्या वर्षी काउंटी कॉलेजचे दोन विषय ड्युएल एनरोलमेंटमध्ये, म्हणजे शाळेत असतानाच, घ्यायला सुचवले आहे. श्रेयांक स्वस्तात मिळतील असे त्यांचे म्हणणे. घ्यावेत ना?

निमिष

सहा वर्षांच्या योजनेत एका वर्षाचा खर्च वाचतो हे खरे, पण ती रटगर्सच्याच लॉ स्कूलला जाण्यासाठी आहे. ओवीचा जीपीए आणि एलसॅट उत्तम आले तर तिला इतर लॉ स्कूले शिष्यवृत्ती देऊन बोलावतील, आणि ती तुलना करायची असेल तर तिला चौथे वर्ष पूर्ण करून मोकळेपणाने अर्ज करावा लागेल. योजनेचा दरवाजा उघडा ठेवावा, म्हणजे पहिल्या वर्षापासून विषयांची आखणी त्याप्रमाणे करावी, पण निर्णय दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस घ्यावा. आणखी एक: आजकाल चांगल्या लॉ स्कूलांत येणारी बहुसंख्य मुले पदवीनंतर एखाद-दोन वर्षे नोकरी करून येतात. घाईने सहा वर्षांत सगळे उरकण्याला पूर्वीइतका अर्थ राहिलेला नाही.

विधिज्ञा

ड्युएल एनरोलमेंटबद्दल थांबून विचार करा. एलसॅक जो जीपीए काढते त्यात पहिली पदवी मिळण्यापूर्वी घेतलेला कॉलेज पातळीचा प्रत्येक विषय धरला जातो, मग तो शाळेत असताना घेतलेला असला तरी. एपीच्या (शाळेतच शिकवल्या जाणाऱ्या कॉलेज पातळीच्या विषयाच्या) परीक्षेत ५ पैकी ३ गुण मिळाले तर ते एलसॅकच्या जीपीएत येत नाहीत, पण काउंटी कॉलेजात बारावीच्या धावपळीत बी मिळाला तर तो पाच वर्षांनी लॉ स्कूलच्या अर्जात तिच्यासमोर उभा राहील. याउलट सोप्या वाटणाऱ्या विषयात ए मिळाला तर तोही तितकाच मोजला जाईल.

म्हणून ज्यात तिला ए मिळण्याची खात्री आहे असा विषय जरूर घ्यावा. लेखन किंवा अमेरिकन शासनव्यवस्था तिला जमेल असे तुमच्या वर्णनावरून वाटते. जो केवळ श्रेयांकांसाठी सुचवलेला आहे, विशेषतः कॅल्क्युलस, तो शाळेत एपी म्हणून घ्यावा. आणि विषय झेपत नाही असे दिसले तर काढून टाकण्याची शेवटची तारीख शाळेची नव्हे, काउंटी कॉलेजची पाहावी, ती बहुधा आधी येते.